दार उघडणारे गणिती : जॉन केमेनी

मनुष्याने आजवर जी जी नवी साधने शोधून काढली, त्यांपैकी बहुतेक आरंभी थोड्यांच्याच हाती राहिली. ग्रंथ हाताने लिहिले जात होते तोवर ते मठांत, राजवाड्यांत आणि धनिकांच्या पेटाऱ्यांत बंदिस्त असत. छापखाना निघाला, तेव्हा कोठे सामान्य माणसाच्या घरी पोथी आली. साधन शोधणाऱ्याची थोरवी जग सहज ओळखते. परंतु ते साधन सर्वांच्या हाती पोचावे म्हणून झटणाऱ्याची थोरवी पुष्कळदा नजरेआड राहते. संगणकाच्या इतिहासात असे झटणारे जे थोडे पुरुष होऊन गेले, त्यांत जॉन जॉर्ज केमेनी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. संगणक शोधून काढणारे ते नव्हेत. तो महाविद्यालयातील साध्या विद्यार्थ्याच्या गणिताच्या वहीशेजारी आणून ठेवणारे ते गणिती होत.

केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे बालपण मोठ्या कठीण काळात गेले. १९३८ साली नाझी जर्मनीच्या सीमा हंगेरीला येऊन भिडल्या, आणि त्याच वर्षी हंगेरीतही ज्यूंच्या उद्योगव्यवसायांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. पुढे येणाऱ्या संकटाची चाहूल जॉनच्या वडिलांना लागली. ते एकटेच अमेरिकेस गेले आणि १९४० मध्ये त्यांनी पत्नीला व मुलांना आपल्याकडे बोलावून घेतले. जॉनच्या आजोबांनी मात्र मायभूमी सोडण्यास नकार दिला. पुढे नाझींनी मांडलेल्या ज्यूंच्या संहारात त्यांचा अंत झाला. जॉनचे आणखी काही आप्तही त्यात नाहीसे झाले. जगात काहींसाठी दारे उघडतात आणि काहींसाठी ती कायमची मिटतात, याचा हा दाहक अनुभव त्याला कोवळ्या वयातच आला.

न्यूयॉर्कमधील शाळेत नाव घातले तेव्हा जॉन तेरा वर्षांचा होता. देश नवा, माणसे नवी, आणि इंग्रजी भाषेशी ओळख जेमतेम. अशा मुलाला वर्गात बसून भोवतीचे बोलणे समजून घेणे किती अवघड जात असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. गणिताची चिन्हे मात्र बुडापेस्टला होती तीच न्यूयॉर्कलाही होती. जॉनने नेटाने अभ्यास केला आणि १९४३ मध्ये शालेय शिक्षण पुरे केले, तेव्हा तो आपल्या तुकडीत पहिला आला होता.

पुढील शिक्षणासाठी तो प्रिन्स्टन विद्यापीठात गेला. गणित आणि तत्त्वज्ञान हे त्याचे आवडीचे विषय. परंतु दुसरे महायुद्ध चालू होते. पदवीचा अभ्यास अर्धवट ठेवून या तरुणाला न्यू मेक्सिको प्रांतातील लॉस अलामॉस येथे जावे लागले. तेथे काटेरी कुंपणाआड, अत्यंत गुप्तपणे, अणुबाँबचे संशोधन चालले होते. रिचर्ड फाइनमन हे पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ तेथील गणनविभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली केमेनी आकडेमोड करू लागले. त्या वेळी आजच्यासारखे संगणक नव्हते. हिशेबनिसांच्या कचेरीत वापरतात तसल्या यंत्रांत भोके पाडलेली कार्डे घालावयाची, एका यंत्रातून निघालेली कार्डे दुसऱ्यात सरकवावयाची, असे काम रात्रंदिवस चाले. एकेका समीकरणाचे उत्तर हाती येण्यास कित्येक आठवडे लागत. याच ठिकाणी थोर गणिती जॉन फॉन नॉयमन यांच्या तोंडून त्यांनी विजेच्या गतीने चालणाऱ्या आणि आपल्या आज्ञा स्वतःच्या स्मृतीत साठवून ठेवणाऱ्या भावी यंत्रांचे वर्णन ऐकले. एकोणीस-वीस वर्षांच्या या तरुणाच्या मनात ते स्वप्न कायमचे घर करून राहिले.

युद्ध संपल्यावर केमेनी प्रिन्स्टनला परतले. १९४६ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि अलोन्झो चर्च या नामवंत तर्कशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थिदशेतील शेवटच्या काळात त्यांना आणखी एक दुर्लभ भाग्य लाभले. अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे गणितातील साहाय्यक म्हणून त्यांची निवड झाली. ज्याच्या बुद्धीपुढे सारे जग नतमस्तक होते, त्याच्या शेजारी बसून समीकरणे तपासण्याचे काम विशीतल्या तरुणाकडे आले होते.

अशा माणसाने एखाद्या मोठ्या संशोधनसंस्थेत आयुष्य घालविले असते, तर त्यात कोणालाच नवल वाटले नसते. परंतु १९५३ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, केमेनी न्यू हॅम्पशायर प्रांतातील हॅनोव्हर या लहानशा गावी असलेल्या डार्टमथ कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. डार्टमथ हे मुख्यतः पदवीपूर्व शिक्षणाचे ठिकाण. तेथे प्रथम वर्षाच्या मुलांना शिकविणे हेच अध्यापकाचे प्रमुख कर्तव्य मानले जाई. दोनच वर्षांत ते गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १९६७ पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली.

गणिताचे अध्यापन त्या काळी ठरावीक चाकोरीतून चालत असे. विद्यार्थ्याने कलनशास्त्राची सूत्रे पाठ करावीत, पुस्तकातील उदाहरणे सोडवावीत आणि परीक्षा दिल्यावर ती विसरून जावीत, हा परिपाठ. जे विद्यार्थी पुढे अभियंते किंवा शास्त्रज्ञ होणार, त्यांना त्याचा उपयोग होई. परंतु डार्टमथमधील चारांतील तीन विद्यार्थी इतिहास, वाङ्मय, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र असे विषय घेणारे होते. गणित आपल्यासाठी नाही, ते मूठभर हुशारांसाठी आहे, अशीच त्यांची समजूत होऊन बसे. केमेनी यांना हे सलत होते. पुढे हेच विद्यार्थी व्यापार, कायदा आणि राज्यकारभार यांत मोठमोठे निर्णय घेणार होते; गणिती विचाराची ओळखच नसेल तर ते निर्णय डोळसपणे कसे घेतले जातील? म्हणून त्यांनी लॉरी स्नेल व जेराल्ड टॉम्पसन या सहकाऱ्यांसह १९५७ मध्ये सांत गणितावर एक नवे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. तर्क, संच, संभाव्यता आणि सारण्या यांची मांडणी त्यात समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याच्याही व्यवहाराशी जोडून दाखविली होती. गणिताचे दार सर्वांना उघडे करण्याच्या कार्यातील हे पहिले पाऊल होते.

दुसरे पाऊल याहून कितीतरी मोठे होते. थॉमस कुर्ट्झ हे तरुण संख्याशास्त्रज्ञ १९५६ मध्ये डार्टमथला आले आणि केमेनी यांचे जन्माचे सहकारी झाले. त्या वेळी कॉलेजात संगणक नव्हता. सर्वांत जवळचे यंत्र बोस्टनलगतच्या केंब्रिज शहरात, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत होते. पंधरवड्यातून एकदा कुर्ट्झ भोके पाडलेल्या कार्डांची पेटी घेऊन सकाळच्या आगगाडीत बसत, सुमारे दोनशे किलोमीटरांचा प्रवास करीत आणि कार्डे यंत्रातून काढून रात्री परत येत. आज्ञांमध्ये एखादी बारीकशी चूक राहिली असेल, तर ती दुरुस्त करण्यासाठी पुढल्या खेपेपर्यंत थांबावे लागे. शिकणाऱ्या मुलाने चूक करावी, ती ओळखावी आणि पुन्हा प्रयत्न करावा, यातूनच ज्ञान वाढते. जेथे एकेका चुकीला दोन आठवड्यांचा दंड बसतो, तेथे प्रयोग करून पाहण्याचे धैर्य कोणाला होणार?

१९५९ मध्ये डार्टमथने एक छोटा संगणक घेतला. लिहिण्याच्या मेजाएवढे ते यंत्र, आणि त्याची शक्तीही बेताचीच. तथापि केमेनी व कुर्ट्झ यांनी ते कुलूपबंद ठेवले नाही. पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या हवाली केले. परिणाम मोठा विलक्षण झाला. गणिताच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या अंकभाषेत उतरविणारी एक अवघड आज्ञावली त्या मुलांनी स्वतः रचून दाखविली. असले काम अनुभवी तज्ज्ञांचेच, असा त्या काळी समज होता. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला तर ते त्यास पात्र ठरतात, हा धडा केमेनी यांनी या अनुभवातून घेतला आणि तो ते कधी विसरले नाहीत.

याच सुमारास प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक वापरता आला पाहिजे, ही कल्पना कुर्ट्झ यांनी केमेनी यांच्यापुढे मांडली. १९६० च्या आसपास ती कल्पना वेडगळ वाटावी अशीच होती. संगणक लक्षावधी डॉलर किमतीचे असत. लष्कर, मोठ्या कंपन्या आणि निवडक प्रयोगशाळा यांखेरीज ते कोणाला परवडत नसत. यंत्र स्वतंत्र दालनात ठेवलेले असे आणि त्याच्याजवळ जाण्याची मुभा फक्त कर्मचाऱ्यांना असे. शिवाय एका वेळी एकाचेच काम करण्याची त्याची रीत. शेकडो विद्यार्थ्यांना ते पुरणार कसे?

या प्रश्नाचे उत्तर कालविभाजनाच्या पद्धतीत होते. जॉन मॅकार्थी या संगणकतज्ज्ञाने तिचा अवलंब करण्याचे कुर्ट्झ यांना सुचविले. ही पद्धती समजून घेण्यासाठी एकशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. गुरुजी एकच, पण वर्ग चार. पहिलीला पाढे लिहावयास सांगून ते दुसरीकडे वळतात, दुसरीला शुद्धलेखन देऊन तिसरीचे गणित तपासतात, आणि फिरून पहिलीकडे येतात. कोणत्याही वर्गाला आपण उपेक्षित आहोत असे वाटत नाही. संगणकाचा वेग तर इतका अफाट की, एकेका विद्यार्थ्याला सेकंदाचा लहानसा अंश देऊन तो सर्वांभोवती फिरून येतो. विद्यार्थी विचार करण्यात किंवा टंकन करण्यात जो वेळ घालवितो, तेवढ्यात यंत्राने इतरांची कामे उरकलेली असतात. प्रत्येकाला मात्र सारे यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे, असे वाटत राहते.

दुसरी अडचण भाषेची होती. संगणकाला आज्ञा देण्याच्या त्या वेळच्या भाषा तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी रचलेल्या होत्या. एखादा स्वल्पविराम चुकला तरी सारे काम अडे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक उदाहरण सोडविण्यासाठी महिनाभर असली भाषा शिकत बसावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते. म्हणून केमेनी आणि कुर्ट्झ यांनी एक नवी, सोपी भाषा निर्माण केली. तिचे नाव बेसिक. नवशिक्यांसाठी सर्वोपयोगी सांकेतिक आज्ञासंहिता, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव साधले होते. लेट म्हणजे माना, प्रिंट म्हणजे छापा, एंड म्हणजे समाप्त, अशा मोजक्या आणि रोजच्या वापरातील शब्दांवर ती उभी होती. प्रत्येक ओळीला क्रमांक दिलेला असे. पूर्णांक निराळे आणि अपूर्णांक निराळे, असला भेद नवशिक्याला पाळावा लागत नसे. चूक झाली, तर ती कोठे झाली हे समजेल अशा शब्दांत यंत्र सांगत असे. या भाषेतील आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणारी आज्ञावली १९६३ च्या शरद् ऋतूपासून केमेनी यांनी स्वतः लिहावयास घेतली.

यंत्रांसाठी आणि कामासाठी पैसा हवा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे त्यांनी अनुदान मागितले. एवढी गुंतागुंतीची व्यवस्था पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या हातून उभी राहील, याविषयी अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञांना शंका वाटली. तरीही अनुदान मंजूर झाले. १९६४ च्या आरंभी जनरल इलेक्ट्रिक कंपनीची दोन यंत्रे हॅनोव्हरला येऊन पोचली. एका यंत्राने विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवून पाळ्या लावावयाच्या आणि दुसऱ्याने गणित करावयाचे, अशी वाटणी ठरली. सुमारे डझनभर विद्यार्थी कामाला लागले. दिवसा तासांना बसावे आणि रात्री यंत्रांजवळ जागावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. अखेर १ मे १९६४ रोजी, पहाटे चार वाजता, दोन निरनिराळ्या टेलिटाइप यंत्रांवरून बेसिकमध्ये लिहिलेल्या दोन आज्ञावल्या एकाच वेळी धाडण्यात आल्या, आणि दोन्हींची अचूक उत्तरे कागदावर उमटली. गाव झोपेत असताना त्या दालनात जे घडले, त्याने गणिताच्या वर्गाचे स्वरूप पालटून टाकले.

त्याच वर्षीच्या शरद् ऋतूत वीस टेलिटाइप यंत्रे चालू झाली आणि प्रथम वर्षाचे शेकडो विद्यार्थी त्यांवर बसू लागले. संगणकासाठी वेगळा विषय नेमण्यात आला नाही. प्रथम वर्षाच्या गणितातच त्याला जागा देण्यात आली. दोन-तीन व्याख्याने ऐकली की विद्यार्थी स्वतः आज्ञावली लिहू लागे. त्याचे काम तपासण्याची युक्तीही मोठी कल्पक होती. अध्यापकांनी तपासणीची आज्ञावली अगोदरच करून ठेवलेली असे; ती विद्यार्थ्याच्या आज्ञावलीला निरनिराळ्या संख्या देऊन उत्तरे पडताळून पाही. चूक निघाली तर विद्यार्थ्याने ती सुधारावी आणि पुन्हा तपासणीस द्यावी. दहा वेळा चुकले तरी यंत्र कंटाळत नसे, रागावत नसे, आणि चारचौघांत हसतही नसे. बुजऱ्या विद्यार्थ्याला याहून सहनशील गुरू कोठे मिळणार?

यातून गणित शिकण्याची रीत कशी बदलते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. दोनचे वर्गमूळ काढावयाचे आहे. ठरावीक रीत पाठ असलेला मुलगा ते काढील, पण ती रीत का चालते हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. आता हेच काम यंत्राला शिकवावयाचे आहे असे समजू. प्रथम अंदाजाने १ ही संख्या घेतली. २ ला १ ने भागले तर २ येतात. १ आणि २ यांची सरासरी १.५. आता २ ला १.५ ने भागावे आणि पुन्हा सरासरी घ्यावी, १.४१६७ मिळतात. आणखी एकदा तेच केले की १.४१४२ येतात. तीनच फेऱ्यांत उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर आले. हे यंत्राला सांगण्यासाठी विद्यार्थ्याला प्रत्येक पायरी स्वतः समजून घ्यावी लागते, कोठे थांबावयाचे तेही ठरवावे लागते. मग त्याच्या मनात आपोआप प्रश्न उठतो : तीनचे मूळ असेच निघेल काय? घनमूळ काढावयाचे तर काय बदलावे? पहिला अंदाज फारच चुकीचा घेतला तर? आकडेमोडीचे ओझे यंत्राने उचललेले असते. म्हणून या प्रश्नांचा पाठपुरावा करण्यास मन मोकळे राहते. यंत्राला शिकविता शिकविता विद्यार्थी स्वतःच शिक्षक होतो, आणि शिकविणाऱ्यालाच विषय खरा समजतो, हे केमेनी यांनी जाणले होते. अशा रीतीने पाठांतराच्या जागी शोधाचा आनंद आला.

या योजनेचा आत्मा मात्र तिच्या खुलेपणात होता. संगणक हा ग्रंथालयासारखा असावा, असे केमेनी यांचे मत होते. चांगल्या ग्रंथालयात विद्यार्थी स्वतः कपाटापाशी जातो, हवे ते पुस्तक काढतो; ते तू कशासाठी वाचतोस, असे त्याला कोणी विचारीत नाही आणि पानागणिक पैसेही मागत नाही. तशीच मुभा डार्टमथमध्ये संगणकाच्या बाबतीत देण्यात आली. विद्यार्थ्यांकडून वापराचे शुल्क घेतले जात नसे, परवानगीचा अर्ज करावा लागत नसे. परवानगी मागावयाची वेळ आली की धीट आणि ओळखीचे लोक पुढे होतात. गरीब आणि संकोची मुले मागे राहतात. केमेनी यांनी हा अडसरच काढून टाकला. मुले अभ्यासाबरोबर खेळांच्याही आज्ञावल्या लिहीत. त्यालाही त्यांनी आडकाठी केली नाही, कारण खेळता खेळता यंत्राची भीती जाते. थोड्याच वर्षांत डार्टमथमधील बहुसंख्य विद्यार्थी संगणक वापरू लागले. दूरध्वनीच्या तारांनी न्यू इंग्लंडमधील अनेक माध्यमिक शाळा आणि लहान महाविद्यालयेही या यंत्राला जोडली गेली. ज्या शाळेला संगणक विकत घेणे स्वप्नातही शक्य नव्हते, तेथील मुले एका टेलिटाइप यंत्रापुढे बसून हॅनोव्हरच्या संगणकाकडून गणिते करवून घेऊ लागली. लॉस अलामॉस येथे वर्षभर राबून जेवढी आकडेमोड झाली होती, तेवढी आता डार्टमथचा एखादा विद्यार्थी एका दुपारी करू शकत होता, आणि तीही त्याच यंत्रावर इतर अनेकांची कामे चालू असताना.

तथापि या समतेतही एक मोठे उणे होते. दार उघडले होते ते ज्यांना कॉलेजात प्रवेश मिळाला त्यांच्यासाठी. आणि डार्टमथ हे केवळ मुलांचे कॉलेज होते. तेथे पदवीसाठी मुलींना प्रवेशच नव्हता. शिवाय १७६९ मध्ये या कॉलेजाची स्थापना झाली, ती अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या मुलांना शिक्षण देण्याच्या उद्देशाने. परंतु पहिल्या दोनशे वर्षांत त्या समाजातील वीसहूनही कमी विद्यार्थी तेथून पदवीधर झाले होते. १९७० मध्ये केमेनी डार्टमथचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी हे दोन्ही दोष दूर करण्याचा निर्धार केला. मूळ रहिवाशांच्या मुलांना आवर्जून प्रवेश देण्याचे धोरण त्यांनी जाहीर केले आणि त्यांच्या संस्कृतीच्या अभ्यासाचा विभागही पुढे सुरू झाला. मुलींना प्रवेश देण्यास अनेक माजी विद्यार्थ्यांचा तीव्र विरोध होता. दोनशे वर्षांची परंपरा मोडते, अशी त्यांची तक्रार होती. केमेनी यांनी शांतपणे, पण न डगमगता आपली बाजू मांडली, आणि १९७२ च्या शरद् ऋतूत डार्टमथचे दरवाजे मुलींसाठी उघडले. अध्यक्षपदाचा एवढा व्याप मागे असतानाही गणिताचे वर्ग घेण्याचे त्यांनी सोडले नाही. राज्यकारभारातून वेळ काढून ते फळ्यापुढे उभे राहत.

१९७९ च्या मार्च महिन्यात पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात मोठा अपघात झाला. त्याच्या चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद केमेनी यांना देण्यात आले. यंत्रसामग्रीपेक्षाही माणसांचे अपुरे प्रशिक्षण आणि सदोष व्यवस्था यांवर आयोगाने मुख्य बोट ठेवले. यंत्र कितीही मोठे असो, ते चालविणाऱ्याला त्यातील मर्म समजलेले नसेल तर ते धोकादायक ठरते, हेच या चौकशीतून दिसून आले. गणिताच्या वर्गात जो आग्रह केमेनी आयुष्यभर धरीत आले, त्याची सत्यता येथे निराळ्या रीतीने प्रत्ययास आली.

बेसिक भाषा डार्टमथच्या आवारात थांबली नाही. तिच्यासाठी कोणतेही मूल्य आकारण्यात आले नव्हते. म्हणून ती सर्वत्र पसरली. १९७५ नंतर घरी ठेवता येतील असे लहान संगणक निघाले आणि त्यांतील बहुतेकांवर बेसिकच चालू लागली. भारतातही १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांतून संगणकाची ओळख करून देणारी योजना सुरू केली, तेव्हा शाळांना दिलेल्या यंत्रांवर बेसिकचीच एक आवृत्ती होती. हॅनोव्हरच्या मुलांसाठी रचलेली भाषा अशा रीतीने आपल्याकडील विद्यार्थ्यांपर्यंत येऊन पोचली. या प्रसारात तिचे रूप पुष्कळ विस्कटले. तिच्यामुळे विद्यार्थ्यांना गचाळ लिहिण्याची सवय लागते, असा आक्षेप काही विद्वानांनी घेतला. केमेनी व कुर्ट्झ यांनाही ही विस्कटलेली रूपे मान्य नव्हती. १९८३ मध्ये त्यांनी एक लहानशी कंपनी स्थापन केली आणि भाषेची शुद्ध व सुधारलेली आवृत्ती तयार करून दिली. आपल्या कृतीतील उणिवा आपणच दूर कराव्यात, ही खऱ्या शिक्षकाची वृत्ती त्यांच्या ठायी होती.

१९८१ मध्ये अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्यावर केमेनी पुन्हा आपल्या गणित विभागात परतले. सर्वोच्च अधिकाराच्या खुर्चीवरून उठून पुन्हा साध्या अध्यापकाच्या जागी जाण्यात त्यांना कोणताही कमीपणा वाटला नाही. २६ डिसेंबर १९९२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी थॉमस कुर्ट्झ यांना दीर्घायुष्य लाभले. ते २०२४ मध्ये निवर्तले.

आज लॉस अलामॉसच्या यंत्रांहून कितीतरी अधिक शक्ती एका लहानशा फोनमध्ये सामावली आहे. तरीही खेडोपाडी अशी पुष्कळ मुले आहेत, की ज्यांच्या वाट्याला ते साधन येत नाही. आणि अशीही पुष्कळ आहेत, की ज्यांच्या हाती ते आहे, पण त्यावर केवळ दुसऱ्याने रचलेले पाहावे एवढेच त्यांना ठाऊक आहे. केमेनी यांनी या दोन्ही उणिवांवर उपाय शोधला होता. साधन प्रत्येकाच्या हाती यावे, आणि ज्याच्या हाती येईल त्याने त्याच्याकडून काम करवून घेता घेता स्वतः विचार करण्यास शिकावे, यासाठी त्यांनी आपली बुद्धी वेचली. देशोधडीला लागून आलेल्या एका मुलाने परक्या भूमीत ज्ञानाचे एक मोठे दार उघडले आणि ते आपल्यामागून येणाऱ्यांसाठी उघडेच ठेवले. जॉन केमेनी यांच्या जीवनाची थोरवी यातच आहे.